सोळा बाय अकराच्या हॉलमधली बग्गी

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. दुसऱ्या मजल्यावरचं टू बीएचके घर, हॉल सोळा बाय अकरा फुटांचा, खाली गुळगुळीत टाइल्स. घरात नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि काठी घेऊन चालणारी 74 वर्षांची आई. मुलाला रिमोटच्या गाड्यांचं वेड. दोन वर्षांत हजार-बाराशेच्या तीन गाड्या आणल्या आणि तिन्ही मोडल्या. शेवटची तर त्याने 'मोटरचा आवाज येतो, पण चाक फिरत नाही' असं म्हणत पेचकसने उघडूनच ठेवली. त्यावरून घरात बरीच बोलणी झाली. आता पाऊस सुरू आहे, खाली खेळता येत नाही, आणि ऑगस्टमध्ये वाढदिवस आहे. दुबईचे मेहुणे म्हणतात, 'एकदाच मोठी, मेटलची, ब्रशलेस, साठच्या स्पीडची गाडी घ्या, मी येताना आणतो.' पत्नीचं म्हणणं, मोडतोड्या मुलाला महागाची गाडी कशाला? वाचक विचारतात: घरात चालवायला छोटी, मजबूत आणि न मोडणारी बग्गी, म्हणजे उघड्या चाकांची रिमोटची गाडी, कोणती घ्यावी? आणि अशा मुलासाठी दहा-अकरा हजार खर्च करणं बरोबर आहे का?

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. 'मोटरचा आवाज येतो, पण चाक फिरत नाही.' तुम्ही ते त्याच्या मोडतोडीचा पुरावा म्हणून लिहिलं आहे. मला मात्र त्यात तुमच्या मुलाची नजर दिसली. गाडी बंद पडल्यावर त्याने ती आपटली नाही, दुसरी हवी म्हणून हट्ट धरला नाही. आवाज येतोय म्हणजे सेल ठीक आहेत, रिमोट चालतोय, मोटर जिवंत आहे. मग अडलंय ते मोटर आणि चाक यांच्या मधे. गॅरेजमधला जुना मेकॅनिकसुद्धा तपासाला इथूनच सुरुवात करतो. म्हणून गाडीचं बोलण्याआधी एक विनंती करते: 'मोडतोड्या' हा शब्द घरातून काढून टाका. त्याने ती गाडी मोडायला उघडली नव्हती.

आणि त्याचं निदान बहुतेक बरोबर आहे. या गाड्यांत अंगठ्याच्या पेराएवढी मोटर असते. तिच्या दोन मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर प्लास्टिकचं एक इवलंसं दातेरी चाक घट्ट दाबून बसवलेलं असतं. त्याला पिनियन म्हणतात. घट्ट बसवल्यामुळे ते कायम ताणाखाली असतं. एखाद्या धक्क्याने किंवा नुसतं जुनं होऊनही त्याला केसासारखी चीर जाते. मग दांडा आतल्या आत फिरतो, पिनियन जागच्या जागी राहतं, मोटर गुणगुणते आणि चाक ढिम्म. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलंत तर दोन दातांच्या खाचेत ती चीर दिसेल. पिनियन धड असेल तर त्याच्या पुढच्या मोठ्या गिअरचे दोन-चार दात झिजून सपाट झालेले सापडतील. दोन्हींचा खर्च दोघांच्या चहा-वडापावइतका.

आता तीन गाड्या का मोडल्या, ते बघू. तुम्ही 'हा नीट वापरत नाही' असं धरून चालला आहात. पण या किमतीच्या गाड्यांचा रिमोट एकदा हातात घेऊन बघा. पुढे जायचं बटण दाबलं की पूर्ण जोर, सोडलं की शून्य. मधलं काहीच नाही. डावीकडे म्हटलं की चाक पूर्ण डावीकडे, अर्धं वळणं तिला ठाऊकच नाही. अशा गाडीला हळू चालवायचं कसं? तज्ज्ञाच्या हातात दिली तरी ती भिंतीवरच जाणार. आदळली की मूल घाईने उलटं बटण दाबतं. पूर्ण वेगात पुढे जाऊ पाहणारे गिअर त्याच क्षणी पूर्ण जोराने मागे खेचले जातात. त्या झटक्याने दात जातात. तुमच्या तिन्ही गाड्या याच प्रकारच्या असणार, असा माझा अंदाज आहे.

म्हणून दुकानात जाल तेव्हा पहिली परीक्षा ही घ्या: चाकं हवेत धरून रिमोटचा ट्रिगर अगदी हळूहळू दाबा. चाकं हळूहळू फिरू लागली, दाबाल तशी वेग घेऊ लागली, तर ती गाडी बघण्यासारखी. ट्रिगर अर्धा दाबेपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम सुसाट, तर ती परत खोक्यात घाला, रंग कितीही आवडला तरी. याला प्रपोर्शनल कंट्रोल म्हणतात आणि घरातल्या गाडीत माझ्या मते सगळ्यात आधी हेच बघायचं. स्टिअरिंगचंही तसंच: चाक मधेच, थोडंसं वळून थांबतं का? मग पुढचं चाक बोटाने हलकेच ढकला. ते किंचित दबून परत जागेवर आलं पाहिजे. आत सर्व्हो सेव्हर नावाचा छोटा स्प्रिंगचा भाग असतो, चाकाला बसलेला धक्का तो स्टिअरिंगच्या मोटरपर्यंत पोचू देत नाही.

मेहुण्यांच्या सल्ल्यामागे प्रेम आहे यात शंका नाही. पण तो सल्ला मैदानासाठी आहे, तुमच्या हॉलसाठी नाही. आपण साधा हिशेब करू. सोळा फूट म्हणजे पावणेपाच मीटरहून थोडं जास्त. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. त्या वेगाने तुमचा हॉल एक तृतीयांश सेकंदात संपतो. 20 च्या वेगानेही सेकंदभर पुरत नाही. डोळ्याला दिसून बोट हलायलाच पाव सेकंद जातो. तेवढ्यात 20 च्या वेगातली गाडी साडेचार फूट पुढे गेलेली असते, म्हणजे टीपॉयच्या पायापाशी. तेच सात-आठच्या वेगाने, भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा जरा जास्त, तर हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला दोन सेकंदांहून थोडं जास्त मिळतं. तेवढ्यात मुलाला वळण दिसतं, घ्यायचं ठरवता येतं, चुकलं तर सावरता येतं. गाडी चालवण्याची मजा या दोन सेकंदांत आहे.

टकरीचंही तसंच. वेग दुप्पट झाला की टकरीतली ऊर्जा चौपट होते, आणि वजन तर वेगळंच. मेहुणे सांगतायत त्या वर्गातली गाडी किलोच्या आसपास असते. घरात शोभणारी छोटी दोन-तीनशे ग्रॅमची. तुमच्या आईंच्या घोट्याला यातली कुठली लागलेली चालेल, एवढंच बघा.

ब्रशलेसबद्दल त्यांचं अर्धं बरोबर आहे. साध्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे छोटे तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. ब्रशलेसमध्ये ते नसतात, म्हणून ती टिकते जास्त, तापते कमी, ताकद मोठी. पण फिरता भाग कुठे आहे ते ओळखणारा सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर, आणि स्वस्तातल्या बहुतेक तशाच असतात, अगदी हळू वेगात अडखळते, झटके देत सुटते. तुम्हाला तर हळूच चालवायची आहे. इथे साधी ब्रशवाली मोटर मऊ सुरू होते, मऊ थांबते. तिचे ब्रश कधीतरी झिजतील, तेव्हा नवी मोटर बसवायची. पूर्ण गाडीच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

आणि मेटल. हा गैरसमज इतका पक्का आहे की दुकानदारही तोच सांगतात. धातूचा भाग सहसा मोडत नाही हे खरं, पण तो वाकतो आणि वाकलेला राहतो. आणि स्वतः न लवल्यामुळे धक्का पुढच्या भागाकडे ढकलतो. बग्गीची पुढची चाकं दोन्ही बाजूंना उघडी, बाहेर आलेली असतात. भिंतीच्या कोपऱ्याला, पलंगाच्या पायाला सगळ्यात आधी चाक अडकतं. तिथून धक्का चाकाला धरणाऱ्या आडव्या पट्टीत, म्हणजे आर्ममध्ये येतो. चांगल्या नायलॉनचा आर्म लवतो आणि परत येतो. फारच जोरात बसला तर तुटतो, पण तुटताना बाकी सगळं वाचवतो. ॲल्युमिनियमचा आर्म तसाच राहतो आणि आतल्या गिअरबॉक्सचं खोकं फुटतं. म्हणून गिअर आणि चाकांकडे जाणारे दांडे धातूचे असावेत, बाहेरचे मार खाणारे भाग लवचिक प्लास्टिकचे असावेत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरी भाच्यासाठी आणलेली पहिली बग्गी दिसायला फार दणकट होती. चौथ्या दिवशी ती दाराच्या चौकटीला घासून गेली आणि पुढचा उजवा आर्म स्क्रूच्या भोकापाशी तुटला. नखाएवढा तुकडा. दुकानात गेलो तर म्हणाले, पार्ट येत नाहीत, नवीन गाडी घ्या. तो पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा भाच्याने कंपासपेटीत जपून ठेवला होता, कधीतरी मिळेल म्हणून. वर्ष सरलं, तुकडा तसाच राहिला. नंतर जी घेतली तिचाही आर्म तुटलाच. पण त्याची जोडी पाकिटात तयार होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दीड मिलिमीटरच्या ॲलन कीने दोन स्क्रू काढले, पिन सरकवली, नवा आर्म बसवला. वीस मिनिटं लागली. ती बग्गी अजून चालते, आणि तिच्यात पहिल्या दिवसाचे किती भाग उरलेत ते मोजायला बसलं तर फार भरणार नाहीत.

तुम्ही 'कधीही न मोडणारी' विचारलीत. तशी गाडी नसते. ज्या गाडीचा प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो आणि घरच्या पेचकसने बसतो, ती वर्षानुवर्षं टिकते. खरेदीआधी एवढंच करा: गाडीचं नाव आणि पुढे 'फ्रंट आर्म', 'स्पर गिअर' (पिनियनच्या पुढचा मोठा गिअर), 'ड्राइव्ह शाफ्ट' (चाकांकडे जाणारा दांडा) असं टाकून भारतात ते भाग मिळतात का ते शोधा. मिळत नसतील तर गाडी कितीही चांगली असो, सोडून द्या. दुकानात गाडी उलटी करून बघा; खाली स्क्रू दिसले पाहिजेत, गोंदाने चिकटवलेला सांगाडा नको. बॅटरी बाहेर काढता आली पाहिजे.

बग्गीच्या बाबतीत ही कल्पना जुनीच आहे. आपल्याकडे बग्गी म्हटलं की घोडागाडी डोळ्यांसमोर येते, पण ही बग्गी कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या वाळूतली. 1964 मध्ये ब्रूस मायर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग वापरून फायबरग्लासच्या हलक्या बॉडीची 'मायर्स मँक्स' बनवली आणि उघड्या चाकांची, उंच सस्पेन्शनची ती ठेवण जगभर गेली. 1979 मध्ये जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 'सँड स्कॉर्चर' ही रिमोटची बग्गी काढली, 1984 मध्ये 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट'. या गाड्या खोक्यात सुट्या भागांच्या रूपात येत. मूल आधी ती स्वतः जोडायचं आणि मग चालवायचं. त्यामुळे मोडली तरी कुठला स्क्रू कुठे जातो हे त्याला पाठ असायचं. त्या 1/10 मापाच्या, म्हणजे साधारण सव्वा फुटाच्या, तुमच्या हॉलला मोठ्या होतील. पण तुमच्या मुलाच्या हातात तो पेचकस आला तो याच वळणाचा आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

आता माप. खोक्यावर 1/10, 1/14, 1/18, 1/24, 1/28 असं लिहिलेलं असतं. खालचा आकडा वाढतो तशी गाडी लहान होते. 1/14 ची गाडी फूटभर लांब, 1/28 ची वीतभर किंवा त्याहून कमी. तुमच्या हॉलला 1/24 ते 1/28 हे माप योग्य. ती सोफ्याखालून जाते, खुर्चीच्या पायांमधून वळते आणि कुठे आदळली तर टक् असा आवाज येतो, दणका बसत नाही. फक्त एक लक्षात घ्या: वीतभर गाडीला घरातलं पायपुसणं म्हणजे घाट आणि बाथरूमचा उंबरठा म्हणजे भिंत. पोटाखाली जागा किती आहे ते बघून घ्या.

चारही चाकांना ताकद जाणारी घ्या. टाइल्सवर फक्त मागच्या चाकांना ताकद असलेली गाडी वळताना शेपूट फिरवते. मोठ्या मुलांना त्यात गंमत वाटते, पण शिकणारा वैतागतो. टायर मऊ रबराचे हवेत. टाइल्सवर धूळ असली की मऊ टायरही घसरतात, म्हणून चालवण्याआधी ओल्या फडक्याने टायर पुसायचे. रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा असावा, म्हणजे शेजारचा मित्र त्याची गाडी घेऊन आला तरी दोन्ही एकमेकींच्या इशाऱ्यावर धावणार नाहीत. आणि रिमोटवर कमाल वेग बांधून ठेवायची सोय आहे का ते आवर्जून विचारा. पहिले दोन महिने तो निम्म्याच्याही खाली ठेवा.

नावं विचारलीत म्हणून सांगते. क्योशो या जपानी कंपनीची मिनी-झी बग्गी 1/24 मापाची, चारचाकी ताकदीची, चार ट्रिपल-ए सेलवर चालणारी. घरातल्या बग्गीचा नमुना म्हणून मी तिच्याकडेच बोट दाखवीन, पण ती चढ्या किमतीची आहे आणि आपल्याकडे सहज समोर दिसत नाही. डब्ल्यूएलटॉइजची 1/28 मापाची के-969, के-979, के-989 ही मालिका बग्ग्यांची नाही, वेगवेगळ्या छोट्या गाड्यांची आहे, पण खिशाला परवडणारी. सांगाडा एकच असल्यामुळे बरेच भाग एकमेकांना चालतात, आणि तुमच्या कामाचं हेच आहे. त्याच कंपनीची 144001 ही 1/14 ची बग्गी छंदी लोकांत फार लोकप्रिय, पण तिचा दावाच ताशी 60 किलोमीटरचा. मेहुणे बहुधा अशाच एखादीबद्दल बोलत असावेत. तुमच्या सोसायटीचं पार्किंग रिकामं असेल तेव्हा उत्तम, हॉलमध्ये नको.

आणि एक पर्याय, जो तुम्ही विचारलेला नाही. बग्गीच हवी का, हे मुलाला एकदा विचारा. क्रॉलर नावाचा प्रकार असतो: जीपसारखी गाडी, चालते मुंगीच्या पावलांनी, पण चढते कशावरही. ॲक्सियलची एससीएक्स24 ही 1/24 ची, ट्रॅक्ससची टीआरएक्स-4एम ही 1/18 ची. उशांचा डोंगर, पुस्तकांच्या पायऱ्या, पोळपाटाचा पूल. पावसाळी दुपार कशी जाते कळत नाही. वेग नसल्यामुळे मोडायचा प्रश्नही फार कमी. ज्या मुलाला 'हे कसं चालतं' याचं कुतूहल आहे त्याला कधीकधी हीच जास्त भावते. पण ज्याला वळणं घेत पळवायची आहे त्याला ती दोन दिवसांत कंटाळवाणी होईल. हे तुम्हाला बाहेरून ठरवता येणार नाही, त्यालाच ठरवू द्या.

घरात आणल्यावर पहिलं काम बंपरचं. जुनी हवाई चप्पल घ्या. आपल्याकडे खेड्यातली मुलं तिच्या तळव्यातून चाकं कापून तारेच्या गाड्या करत आली आहेत. आपण बंपर कापायचा. पुढच्या दोन्ही चाकांच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर येईल एवढी रुंद पट्टी, कडा गोल करून, गाडीच्या मूळ बंपरला दोन झिप-टायने बांधायची. आता कोपऱ्यावर गाडी गेली तरी चाकाआधी चप्पल आदळते. एवढ्या एका पट्टीने निम्मी मोडतोड थांबते, हा माझा अनुभव आहे.

दुसरा शत्रू म्हणजे केस. ज्या घरात लांब केसांची माणसं आहेत तिथे बग्गी फिरून आली की चाकांच्या मागे गुंतवळ झालेलं असतं. वरून काही दिसत नाही. चाक बोटाने फिरवलं की जरा जड लागतं, एवढंच. चाक काढलं की दांड्यावर काळ्या केसांची घट्ट चकती दिसते, तिच्यात सतरंजीचा लाल धागा, क्वचित रांगोळीची कणी. ती तशीच राहिली तर आत सरकत बेअरिंगमध्ये जाते, मोटरला जास्त जोर लावावा लागतो, मोटर तापते. दर रविवारी भुवया करायच्या चिमट्याने ती काढायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. थेंब म्हणजे थेंबच, जास्त तेलाला धूळ चिकटते. हे काम मुलाकडे सोपवा. त्याची बोटं तुमच्यापेक्षा बारीक आहेत.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ट्रिपल-ए रिचार्जेबल सेलवर चालणारी गाडी असेल तर फारशी काळजी नाही. लिथियमची 7.4 व्होल्टची बॅटरी असेल तर चार्जिंग मोठ्या माणसाने करायचं, घरात कुणी जागं असताना, गादी-पडद्यापासून दूर, उघड्या टाइलवर किंवा स्टीलच्या ताटात. रात्रभर लावून झोपायचं नाही. गाडी चालवून गरम झालेली बॅटरी आधी गार होऊ द्यायची. फुगलेली दिसली तर त्या क्षणापासून बंद; घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची. परीक्षेच्या दिवसांत गाडी महिनाभर कपाटात जाणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवायची, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नको. एका चार्जवर छोटी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालते. ते कमी वाटेल, पण मोटर गार व्हायला तेवढा खंड हवाच. दोन बॅटऱ्या असल्या की पुरे.

मेहुणे दुबईहून आणणार असतील तर गाडीपेक्षा त्यांना सुटे भाग आणायला सांगा, त्यांनाही मदत केल्यासारखं वाटेल. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या सामानात आणि टोकांना टेप लावून आणायच्या. 7.4 व्होल्ट, 1500 एमएएचची बॅटरी म्हणजे 11 वॉट-अवर. विमानातली नेहमीची मर्यादा 100 ची आहे, त्यामुळे काळजी नको.

वयाचंही बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मी ज्या छंदाच्या गाड्यांबद्दल लिहितेय त्यांच्यावर बहुतेक वेळा '14+' असं छापलेलं असतं. म्हणजे त्या मुळात 14 वर्षांखालच्या मुलांसाठी नसतात; म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला ती एकट्याच्या हवाली करायची नाही. पहिलं वर्ष तुम्ही शेजारी बसायचं. तेवढा वेळ तुमच्याकडे नसेल, तर ही गाडी आत्ता घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

आईंसाठी घरात एकच नियम पुरेसा आहे: आजी जागेवरून उठली की गाडी जागेवर थांबते आणि उचलून सोफ्यावर जाते. जमिनीवर नाही, सोफ्यावर. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला थांबलेली गाडीही तितकीच धोक्याची. शक्य असेल तर रोजची वेळ ठरवा, आई त्यांच्या खोलीत किंवा खुर्चीत निवांत असतील अशी. टाइल्सवर मास्किंग टेपने रस्ता आखा आणि तो दाराकडे, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेकडे जाऊ देऊ नका. वर्तमानपत्राच्या सुरळ्या कडेला ठेवल्या की रस्त्याला कठडा होतो.

आता पैशांचं. तुमच्या पत्नीची काळजी मला पटते. तीन गाड्यांचे पैसे गेलेत आणि घर चालवणाऱ्या बाईला ते दिसणारच. पण दहा-अकरा हजारांची एक गाडी घेऊन ती शोकेसमध्ये जपायची, यात कुणालाच सुख नाही. मुलाला धाक, तुम्हाला धाकधूक. तुमच्या मनातल्या रकमेच्या निम्म्यात बसेल अशी गाडी घ्या. त्याच दिवशी पुढच्या आर्मच्या दोन जोड्या, गिअरचा एक संच, ड्राइव्ह शाफ्टची जोडी, एक जादा बॅटरी आणि चांगल्या पोलादाचे दोन पेचकस घ्या. पेचकस स्वस्तातले नकोत, त्यांनी स्क्रूची डोकी जातात आणि मग गाडी उघडतच नाही. उरलेले पैसे ठेवून द्या. पत्नीला ती सुट्या भागांची पाकिटं आधी दाखवा. मोडणं धरूनच चाललोय, हे कळलं की प्रत्येक टकरीला घरात कुणाच्या कपाळावर आठी येणार नाही.

वाढदिवसाला अजून अवकाश आहे. त्याआधी या रविवारी ती उघडलेली जुनी गाडी बाहेर काढा. 'ही दुरुस्त केलीस तरच नवी' अशी अट मात्र घालू नका. मग तो खेळ राहत नाही. पांढरा पंचा पसरा, आहे त्या स्थितीचे मोबाइलवर फोटो काढा, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने ताटलीत गोल मांडायला सांगा. पिनियनला चीर दिसली तर त्याचे दात मोजून कागदावर लिहा आणि जुनं पिनियन खिशात घालून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. पुण्यात कुणी वाचत असेल तर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी करावी. फेव्हिक्विक लावून बघू, हा मोह टाळा. तो पातळ गोंद दांड्यावरून ओघळून मोटरच्या तोंडात जातो आणि मोटर कायमची जाम होते. नवं पिनियन दांड्यावर सरळ, न ठोकता, हळूहळू दाबत बसवायचं.

पेचकस त्याच्या हातात द्या. तुम्ही टॉर्च धरा.